बर्टुझीने मूरला मारलं तेव्हा लोक का ओरडले? एका रेफ्रीचं लांबलचक उत्तर

प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. एक जण नुकतेच व्हँकुव्हरजवळ राहायला आलेत. ऑफिसमध्ये कोणीतरी त्यांना २००४ची आइस हॉकीतली टॉड बर्टुझी आणि स्टीव्ह मूरची क्लिप दाखवली, मागून ठोसा, माणूस बर्फावर आडवा, आणि गॅलरीत लोक चक्क खुशीत ओरडतायत, वर क्लिप दाखवणाराच म्हणतोय की "मूरने आधी काय केलं होतं तेही बघ ना". तर त्यांचं म्हणणं, एरवी दार उघडून धरलं तरी सॉरी आणि थँक्यू दोन्ही म्हणणारी ही माणसं हॉकी आली की अशी का होतात? आणि मुलगा नऊ वर्षांचा आहे, आइस हॉकी शिकायचीय म्हणतो, घालू का नको?

मी इकडे मायनर हॉकीला, म्हणजे शाळकरी पोरांच्या आणि अधूनमधून हौशी मोठ्यांच्या मॅचेसना, बरीच वर्षं रेफ्री आहे. एनएचएलवाला, म्हणजे इथल्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक लीगवाला नव्हे हं, पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट तोच, पगाराचा चेक मात्र तसा येत नाही. पण प्रेक्षक कसे तापतात हे बर्फावरून रोज दिसतं, म्हणून लिहितोय. लांब होईल, चहा घेऊन बसा.

माझं उत्तर एका वाक्यात असं की लोक ठोसा बघून ओरडले नाहीत, उट्टं निघालं म्हणून ओरडले, आणि ते उट्टं काढायचं बाकी आहे हे त्यांच्या कानीकपाळी तीन आठवडे रोज ओरडलं जात होतं.

आता सुरुवातीपासून. १६ फेब्रुवारी २००४, डेन्व्हर. व्हँकुव्हर कनक्सचा कॅप्टन मार्कस नॅसलंड, तेव्हा अख्ख्या लीगमध्ये पॉइंट्समध्ये (स्वतःचे गोल आणि गोलला दिलेले पास मिळून) एक नंबरला असलेला, पकसाठी, म्हणजे खेळायच्या रबरी चकतीसाठी, पुढे वाकलेला, आणि कोलोरॅडो अ‍ॅव्हलांचच्या मूरने त्याला धडक दिली. मूर म्हणजे हार्वर्डमधून शिकून आलेला, टीममध्ये जागा पक्की करायची धडपड चाललेला नवा खेळाडू. नॅसलंडला कन्कशन झालं, म्हणजे मेंदूला धक्का बसला, कोपराच्या हाडाचा कपचा उडाला, तीन मॅचेस बाहेर बसला. रेफ्रींनी पेनल्टी दिली नाही, लीगने नंतर व्हिडिओ बघितला आणि त्यांनीही काही शिक्षा केली नाही. व्हँकुव्हरच्या लोकांचा जीव इथे अडकलाय. आजसुद्धा इथल्या रिंकच्या (बर्फाच्या मैदानाच्या) कँटीनमध्ये विषय काढा, पन्नाशीचा कोणीही माणूस गोष्ट ८ मार्चपासून सुरू करत नाही, १६ फेब्रुवारीपासूनच करतो.

मग काय झालं तर कोच मार्क क्रॉफर्ड जाहीरपणे रेफ्रींवर भडकला, टीममधला ब्रॅड मे पत्रकारांसमोर म्हणाला की मूरच्या डोक्यावर आता इनाम लागलंय. नंतर ते गमतीत होतं वगैरे सारवासारव झाली, पण पेपरात छापून आलं ते आलंच. ३ मार्चला डेन्व्हरमध्येच परत मॅच होती, त्याला लीगचे कमिशनर गॅरी बेटमन आणि शिस्तीचं बघणारे कॉलिन कॅम्पबेल स्वतः जाऊन बसले, म्हणजे बघा लीगलाही वास आला होता. त्या दिवशी ५-५ बरोबरी झाली, कोणी कोणाला हात लावला नाही. पण ती त्यांच्या घरची मॅच, आपल्या घरची अजून व्हायची होती ना. ती ८ मार्चला, जीएम प्लेसमध्ये, ज्याला आता रॉजर्स अरीना म्हणतात.

इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण आपण धनराज पिल्लेवाली हॉकी बघत वाढलेलो, तिथे मारामारी केली तर रेड कार्ड आणि घरी जा. इकडे एनएचएलमध्ये दोघांनी ग्लोव्ह टाकून समोरासमोर मारामारी केली तर पाच-पाच मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये बसायचं आणि परत खेळायला यायचं. नियमाच्या पुस्तकातच तशी सोय आहे. त्याच्याभोवती खेळाडूंनी आपापसात एक न लिहिलेली शिस्त बनवलीय, तिला सगळे 'कोड' म्हणतात. आमच्या स्टारला हात लावलास तर तुला कोणीतरी समोर येऊन विचारणार, तू ग्लोव्ह टाकून उभा राहायचं, चार ठोसे द्यायचे-घ्यायचे, विषय संपला. मागून मारायचं नाही, पडलेल्याला मारायचं नाही, नको म्हणणाऱ्याला मारायचं नाही.

तर त्या रात्री पहिल्याच पिरियडमध्ये (मॅचचे असे तीन भाग असतात) व्हँकुव्हरच्या मॅट कुकने मूरला विचारलं आणि मूर पळाला नाही, उभा राहिला, भांडला. कोडच्या हिशोबाने खातं तिथेच बंद झालं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण "मूरने आधी काय केलं" म्हणणारे हा भाग नेमका गाळतात. मग परत का? माझ्या मते त्याचं कारण स्कोअरबोर्डवर होतं. पहिला पिरियड संपताना कोलोरॅडो ५-० पुढे. तिसऱ्यात ८-२. घरच्या लोकांसमोर अब्रू गेलीय, मॅच हातात राहिलेली नाही, तिकिटाचे पैसे तर दिलेत, मग आता बघायला शिल्लक काय राहिलं? आम्ही रेफ्री लोक पोरांच्या मॅचमध्येसुद्धा हेच आधी बघतो, आधी या दोन टीम्स भेटल्यात का, तेव्हा काय झालं होतं, आणि तिसऱ्या पिरियडला फरक किती आहे. ३-३ असेल तर कोणी मूर्खपणा करत नाही कारण पेनल्टी लागली की टीमला एक माणूस कमी घेऊन खेळावं लागतं, ते महागात पडतं. ७-१ असेल तर पेनल्टीला किंमतच नसते, मग ज्याला जे बाकी वाटतंय ते तो वसूल करायला निघतो. आणि गॅलरीचंही तसंच, ६-० झालं की आईबाप पकच्या मागे बघायचं सोडून कोणत्या नंबरने आपल्या पोराला ढकललं होतं तेच शोधायला लागतात.

तर तिसऱ्या पिरियडची आठ मिनिटं आणि ४१ सेकंद झालेली, व्हँकुव्हरचा ४४ नंबरचा बर्टुझी मूरच्या मागे मागे निघाला, काहीतरी बोलला, मूर लक्ष देईना, मग मागून त्याचा जर्सी ओढला, तरी तो वळेना, आणि मग मागूनच डोक्याच्या बाजूला ठोसा घातला आणि त्याच्यासकट खाली कोसळला, म्हणजे मूरचं तोंड बर्फावर आणि वर बर्टुझीचं सगळं वजन, त्याच्यावर आणखी खेळाडू येऊन पडले. क्लिप परत बघा, पण आता बर्टुझीवर नजर ठेवू नका, आवाज ऐका. आवाज त्या एका ठोशाला धरून नाही. नजरेसमोर एकदम सगळीकडे जोड्या लागल्या, ढीग झाला, तो गलका आहे. वरच्या गॅलरीतून त्या ढिगाच्या तळाशी कोण आहे आणि कसा पडलाय हे दिसतच नाही, दिसतं ते इतकंच की आपल्या टीमने शेवटी काहीतरी केलं. मग हळूहळू ढीग बाजूला झाला, एक माणूस हलत नाहीये, डॉक्टर धावले, जवळजवळ दहा मिनिटं तो तसाच, आणि स्ट्रेचर आलं तोपर्यंत तीच गॅलरी चिडीचूप. मानेचे तीन मणके फ्रॅक्चर, जबर कन्कशन, तोंडाला जखमा. मॅच ९-२ने कोलोरॅडोने जिंकली, ते आता कोणाला आठवतही नाही. मूर पुन्हा कधीच एनएचएलमध्ये खेळला नाही, सगळ्या मिळून ६९ मॅचेसचं करिअर.

म्हणून मी त्या पहिल्या दहा सेकंदांच्या गलक्याला फार धरून बसत नाही. गर्दीत माणूस ओरडतो, शेजारचा ओरडला म्हणूनही ओरडतो. मला खटकतं ते नंतरचं, दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर, पूर्ण क्लिप दहा वेळा बघून झाल्यावर जे लोक म्हणाले ते. कारण तेव्हा ढीग नव्हता डोळ्यासमोर, सगळं स्वच्छ दिसत होतं.

दोन दिवसांनी बर्टुझीने कॅमेऱ्यासमोर रडत माफी मागितली आणि त्यानंतर इथलं वारं फिरलं. बिचारा, एवढा मोठा माणूस रडला, त्याचा हेतू तसा नव्हता, मीडियाने धोपटलं, असं सुरू झालं. लीगने त्याला उरलेल्या सीझनसाठी आणि प्लेऑफसाठी (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांसाठी) बाहेर केलं, टीमला अडीच लाख डॉलर दंड लावला. त्याचा पाच लाखांच्या वर पगार बुडाला. पुढचा सीझन लॉकआउटमुळे, म्हणजे मालक आणि खेळाडूंच्या पैशांच्या वादामुळे, झालाच नाही, ऑगस्ट २००५मध्ये त्याला परत घेतलं, म्हणजे कागदावर सतरा महिने पण एनएचएलच्या प्रत्यक्ष चुकलेल्या मॅचेस वीस. कोर्टात त्याने डिसेंबर २००४मध्ये गुन्हा कबूल केला, कंडिशनल डिस्चार्ज (अटी पाळल्या की शिक्षेची नोंद राहत नाही) मिळाला, एक वर्ष प्रोबेशन आणि ८० तास समाजसेवा. २००६च्या ट्युरिन ऑलिम्पिकला तो कॅनडाकडून खेळलासुद्धा. आणि मूरने भरपाईचा दावा लावला तर तो चालला २०१४पर्यंत, खटला उभा राहायच्या तोंडावर आपसात मिटला, आकडा गुप्त. या सगळ्या वर्षांत "मूरला पैशाची हाव सुटलीय" हे वाक्य मी रिंकमध्ये किती जणांच्या तोंडून ऐकलंय, आणि बोलणारी माणसं वाईट नसतात हो, शेजाऱ्याच्या दारातला बर्फ काढून देणारी असतात.

आता हे नुसतं कॅनेडियन लोकांचं वेड म्हणावं तर त्याच बिल्डिंगमधली त्याच्या चार वर्षं आधीची गोष्ट ऐका. २१ फेब्रुवारी २०००, जीएम प्लेस, समोर बॉस्टन. बॉस्टनचा मार्टी मॅकसोर्ली आणि व्हँकुव्हरचा डॉनल्ड ब्रॅशियर पहिल्या पिरियडला भांडले, ब्रॅशियर जिंकला, बॉस्टनच्या बेंचकडे बघून हात झटकून दाखवले. नंतर ब्रॅशियर त्यांच्या गोलकीपरवर पडला, गोलकीपरचा गुडघा गेला. शेवटचे तीन सेकंदही शिल्लक नसताना मॅकसोर्लीने मागून येऊन स्टिक ब्रॅशियरच्या कानशिलावर घातली, तो मागे पडला, डोकं बर्फावर आपटलं, झटके आले. तेव्हा हेच शहर काय म्हणत होतं? आत टाका त्याला. खेळाच्या बाहेरचं आहे हे, पोलिसांनी बघावं. आणि पोलिसांनी बघितलं, ऑक्टोबरमध्ये कोर्टाने हत्याराने हल्ला केल्याबद्दल दोषी धरलं, अठरा महिन्यांचा कंडिशनल डिस्चार्ज. लीगने वर्षभर बाहेर ठेवलं, तो परत एनएचएल खेळला नाही.

दोन्ही वेळा हिशोब बाकी होता, दोन्ही वेळा आधी त्याच रात्री एकदा भांडून झालं होतं, दोन्ही वेळा मागून, दोन्ही वेळा मॅचचा निकाल लागलेला. फरक जर्सीचा. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय. २०००मध्ये "कोर्टाने लक्ष घालावं" म्हणणारेच २००४मध्ये "कोर्टाचं काय काम, खेळ आहे" म्हणत होते, आणि मला नाही वाटत त्यांना त्यात काही विसंगत वाटलं असेल, कारण आपल्या बाजूची गोष्ट माणसाला सुरुवातीपासून माहीत असते आणि दुसऱ्याची फक्त शेवटची रील.

हे सगळीकडे आहे. माँट्रियलचं बघा, ८ मार्च २०११, योगायोगाने तीच तारीख. बॉस्टनचा झ्डेनो शारा, सहा फूट नऊ इंचाचा डोंगर, त्याने मॅक्स पॅचोरेटीला दोन बेंचच्या मधल्या काचेच्या खांबावर ढकललं, मानेचा मणका फ्रॅक्चर. बर्फावर शाराला पाच मिनिटं आणि मॅचबाहेर, पण लीगने पुढे सस्पेंड केलं नाही. लोक इतके पिसाळले की शहरातल्या पोलिसांच्या इमर्जन्सी नंबरवर फोन करकरून शाराला अटक करा म्हणायला लागले, एअर कॅनडाने लीगला स्पॉन्सरशिप काढून घेऊ असं पत्र दिलं, माँट्रियलच्या घरच्या अरीनाबाहेर, बेल सेंटरबाहेर, मोर्चा निघाला. सरकारी वकिलांनी तपास करवला आणि नोव्हेंबरमध्ये आरोप ठेवायचे नाहीत असं ठरवलं. तिथे बॉस्टनवाले म्हणत होते की साधी हॉकीतली धडक, खांब वाटेत आला. रेफ्री म्हणून मला विचाराल तर इंटरफेरन्स (पक जवळ नसलेल्याला अडवणं) शंभर टक्के, खांबावरच आपटायचा हेतू होता की नाही हे शाराच्या डोक्यात शिरल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. पण माँट्रियलच्या लोकांना लगेच आठवलं की जानेवारीत पॅचोरेटीने ओव्हरटाइमचा गोल मारून शाराला धक्का दिला होता. बघा, परत जुनी गोष्ट. चाहते नियम बघत नाहीत, गोष्ट बघतात आणि शेवटी किती लागलं ते बघतात. पॅचोरेटी लगेच उठून बसला असता तर एकही फोन गेला नसता. एक मात्र बरं झालं, पुढच्या सीझनपासून त्या खांबांना गोलाईची, दाबली जाणारी काच बसवली.

आणि जुनं हवं असेल तर माँट्रियलचंच १९५५. मोरीस रिशार, फ्रेंच लोकांचा देवच. १३ मार्चला बॉस्टनच्या हॅल लेकोची स्टिक त्याच्या डोक्याला लागली, रक्त आलं, रिशारने त्याला स्टिकने झोडपलं आणि मध्ये पडलेल्या लाइन्समनला ठोसा मारला. लीगचा प्रेसिडेंट क्लॅरेन्स कॅम्पबेल, इंग्रजी बोलणारा कॅनेडियन, त्याने त्याला सीझन आणि प्लेऑफ दोन्हीतून काढलं. १७ मार्चला कॅम्पबेल फोरममध्ये, माँट्रियलच्या घरच्या अरीनात, मॅच बघायला येऊन बसला, लोकांनी टोमॅटो-अंडी मारली, कोणीतरी अश्रुधुराचा गोळा फोडला, मॅच तिथेच सोडून डेट्रॉइटला दिली आणि सेंट कॅथरीन स्ट्रीटवर रात्रभर दंगल, काचा, लुटालूट. तिथे हॉकी निमित्त होतं, फ्रेंच बोलणाऱ्यांच्या मनात इंग्रजी बोलणाऱ्या साहेबांबद्दल पिढ्यांचं जे साठलं होतं ते बाहेर आलं, हे आता सगळे मानतात. पण मला त्यातली सगळ्यात हॉकीवाली गोष्ट वेगळीच वाटते. रिशार बाहेर असताना त्याच्याच टीममधला बर्नी जोफ्रियाँ एका पॉइंटने पुढे गेला आणि स्कोअरिंगचा किताब त्याला मिळाला, तर घरच्या लोकांनी आपल्याच खेळाडूची हुर्यो उडवली. गोल का मारलास म्हणून!

आता गॅलरी फोनमध्ये आलीय, हा एक बदल. मे २०२२च्या प्लेऑफमध्ये नाझेम काद्रीची सेंट लुइसच्या गोलकीपरशी टक्कर झाली, गोलकीपर उरलेल्या प्लेऑफमधून गेला. काद्री लेबनीज घरातला, मुसलमान. त्याला धडकेबद्दल शिव्या येणं मी समजू शकतो, त्याचा जुना रेकॉर्डही तसा आहे, पण आलं ते वंश, धर्म आणि जिवे मारायच्या धमक्या, पोलिसांना बंदोबस्त वाढवावा लागला. पुढच्या मॅचला त्याने तिथेच हॅटट्रिक केली. आपल्यासारख्या नावांच्या पोरांनी हे माहीत ठेवावं, घाबरवायला नाही सांगत, पण सावळ्या पोराने केलेला फाउल आणि गोऱ्या पोराने केलेला फाउल यावर गॅलरीतून येणारे शब्द वेगळे असतात, ते मी पोरांच्या मॅचमध्ये ऐकलेत आणि त्यासाठी पालकांना रिंकबाहेरही काढलंय.

जबाबदारी कोणाची म्हणाल तर माझ्या लेखी प्रेक्षक तिसऱ्या नंबरला येतात. पहिला नंबर टीमचा, जी स्वतः "बघून घेऊ" म्हणते, आणि अडीच लाखांचा दंड टीमलाही लागला तो काही उगाच नाही. दुसरा लीग आणि टीव्हीचा, जे पुढच्या मॅचची जाहिरात मागच्या मारामारीच्या तुकड्यांवर करतात आणि मग कोणाची मान मोडली की गंभीर चेहरा करून बसतात. प्रेक्षकांनी जे ताटात वाढलं ते खाल्लं. तरी एक गंमत सांगतोच, तो मॅट कुक आठवतोय ना, मूरशी सरळ समोरासमोर भांडलेला? त्यानेच मार्च २०१०मध्ये पिट्सबर्गकडून खेळताना बॉस्टनच्या मार्क सॅव्हार्डच्या डोक्याला, त्याला दिसणार नाही अशा बाजूने, असा धक्का दिला की त्यालाही शिक्षा करायला नियमच सापडेना, आणि त्या गदारोळातून डोक्यावरच्या धडकेचा नियम ४८ आला. तो नियम २००४मध्ये असता तर नॅसलंडच्या वेळी लीगला निदान काहीतरी उत्तर देता आलं असतं आणि पुढची तीन आठवड्यांची भट्टी इतकी पेटली नसती असं माझं मत आहे, बाकीच्यांचं वेगळं असेल.

आता तुमच्या मुलाचं. घाला. नऊ वर्षांच्या पोरांच्या हॉकीत बॉडी चेकिंग (अंगाने धडक देऊन पक सोडवून घेणं) नसतंच, २०१३मध्ये हॉकी कॅनडाने ते पीवी वयापर्यंत, म्हणजे ११-१२ वर्षांच्या पोरांपर्यंत, पूर्ण काढून टाकलं, पुढेही निवडक स्पर्धात्मक टीम्समध्येच येतं, हाउस लीगमध्ये, म्हणजे निवड न करता सगळ्यांना घेणाऱ्या हौशी लीगमध्ये, खेळला तर कदाचित कधीच नाही. मारामारी केली तर सरळ बाहेर आणि वर सस्पेन्शन, पाच मिनिटं बसून परत ये हा प्रकार नाही. बऱ्याच ठिकाणी पोरांच्या जर्सीवर मागे मानेखाली छोटं लाल स्टॉपचं चिन्ह शिवलेलं असतं, पाठ दिसली की थांब, ढकलू नको, हे वाचता न येणाऱ्या पोरालाही कळतं. हेल्मेट, नेक गार्ड, माउथगार्ड नवीन घ्या, बाकी स्केट्स-पॅड्स सेकंडहँड चालतात, पोरं सहा महिन्यांत वाढतात. सप्टेंबरला सीझन सुरू होतो पण नावनोंदणी कितीतरी आधी भरते, तेव्हा आत्ताच तुमच्या भागातल्या मायनर हॉकी असोसिएशनला विचारून ठेवा आणि तोपर्यंत त्याला नुसतं स्केटिंग शिकू द्या. आणि तुम्ही स्वतः मॅच बघायला याल तेव्हा त्याच्या टीमच्या बेंचमागे उभे राहू नका, तिथले पालक सगळ्यात जास्त ओरडतात, पलीकडे कोपऱ्यात काचेजवळ जागा असते, तिथून खेळही नीट दिसतो.